उस्ताद, थकू नका

फरंगीस खानम ताबंदे यांना कोणी मधेच थांबवलेलं खपत नसे. नवरा हयात होता तोवर तोही त्यांचं वाक्य पुरं झाल्याशिवाय चहाचा घोट घेत नसे, मग कॉलेजातल्या मुलामुलींची काय टाप! नौदेहच्या नर्सिंग कॉलेजात त्या औषधांचा विषय शिकवत. आवाज खणखणीत, फारसी तासून घेतल्यासारखी, आणि मधेमधे बेतानं पेरलेले विनोद. विनोद दर वर्षी तेच असत आणि मुलं दर वर्षी वेळेवर हसत.

वर्ग ऑनलाइन भरायला लागले तेव्हा बाकीचे उस्ताद रडकुंडीला आले. फरंगीस खानमनी मात्र बैठकीच्या खोलीत टेबल मांडलं, मागे पुस्तकांचं कपाट ठेवलं आणि पुढ्यात शिक्षक दिनाला मुलांनी वर्गणी काढून दिलेला माइक. माइकच्या बैठकीवर त्यांनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला. टीव्हीवर रुमाल, टेलिफोनवर रुमाल, मग माइकनंच काय पाप केलं होतं? तास सुरू करायच्या आधी त्या ओठांना हलकी लाली लावत, चहाचा पेला हाताशी घेत, रुमालाची कड बोटांनी सारखी करत आणि बिस्मिल्ला म्हणून बोलू लागत. टर्मच्या पहिल्याच तासाला एका मुलीनं मधे तोंड घातलं होतं. तिला त्यांनी असं काही जागेवर बसवलं की पुन्हा कोणी तो वेडेपणा केला नाही.

तास संपला की पडद्याच्या कडेला गुलाब येत. लाल गुलाबांची चित्रं, एकाखाली एक, आणि प्रत्येकासोबत ‘उस्ताद, थकू नका.’ आता हे ‘थकू नका’ आमच्याकडे नानवाल्यालाही म्हणतात आणि रस्ता झाडणाऱ्यालाही. वर्गात त्याचा आणखी एक उपयोग आहे. तास फार लांबला की मागच्या बाकावरून कोणीतरी अदबीनं म्हणतं, ‘उस्ताद, थकू नका,’ आणि शहाणा उस्ताद काय ते समजून पुस्तक मिटतो. फरंगीस खानम त्या शहाण्यांतल्या नव्हत्या. त्यांना ते सगळं प्रेमच वाटे. लॅपटॉप मिटण्याआधी त्या गुलाब वरपासून खालपर्यंत पाहून घेत आणि मगच रात्रीच्या भाताला लागत.

अशात शीदा आली. नुकतीच मशहदहून शिकून आलेली, विभागातली सर्वांत लहान. तिनं पाच-पाच मिनिटांच्या क्लिपा करायला घेतल्या. एका क्लिपमध्ये एकच गोष्ट, शेवटी एक प्रश्न, उत्तर चुकलं तर परत पाहा. मुलं मिनीबसमध्ये पाहात, घरी केशराच्या काड्या निवडत बसल्या बसल्या पाहात, ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा.

“हे शिकणं नाही गं, शीदाजान,” फरंगीस खानम चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाल्या. “हे सूर्यफुलाच्या बिया फोडणं झालं. एक फोडा, टरफल थुंका, दुसरी फोडा. पोट कधी भरायचं?”

सगळे हसले. शीदाही हसली. “आपण म्हणता ते बरोबरच असणार, खानम ताबंदे. आम्ही तर आपल्या पायाची धूळ.”

म्हणाली खरी, पण क्लिपा काही थांबवल्या नाहीत.

विभागप्रमुख डॉक्टर अर्जमंद हे भांडण नको असलेले गृहस्थ. त्यांनी तोड काढली: एका वर्गाचे दोन गट करू. एक गट फरंगीस खानमची लेक्चरं ऑनलाइन तासाला थेट ऐकेल, दुसरा शीदाच्या क्लिपा पाहील. टर्मच्या शेवटी सरावाच्या खोलीत परीक्षा घेऊ आणि कोणाचं शिकवणं अंगी लागलं ते बघू. फरंगीस खानमनी लगेच होकार दिला, वर अट घातली. “माझ्या गटातल्या कोणीही तिच्या त्या क्लिपांना हात लावायचा नाही. लावला, तर परीक्षेला बसू देणार नाही.”

शीदा मान खाली घालून म्हणाली, “मी कोणाला पाठवणार नाही, खानम.”

फरंगीस खानमचं पोटॅशियमचं लेक्चर गाजलेलं होतं. पोटॅशियमचं इंजेक्शन थेट शिरेत दिलं तर माणसाचं हृदय बंद पडतं, म्हणून ते सलाईनच्या मोठ्या बाटलीत मिसळून हळूहळू, थेंबाथेंबानं द्यायचं. गोष्ट एवढीच, पण ती सांगायला त्या अर्धा तास घेत आणि शेवटी आवाज इतका खाली आणत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. या वर्षीही त्यांनी ते मन लावून दिलं. शेवटचं वाक्य बोलून त्या थांबल्या आणि गुलाब आले. नेहमीपेक्षा थोडे जास्तच आले, असं त्यांना वाटलं.

सरावाच्या खोलीत पलंगावर रबराचा माणूस झोपवलेला असतो. परीक्षेला डॉक्टर अर्जमंद स्वतः उभे होते, एका बाजूला शीदा, दुसऱ्या बाजूला फरंगीस खानम. शीदाच्या गटातली मुलं एकामागून एक आली, पोटॅशियम सलाईनमध्ये मिसळलं, बाटली उलटीसुलटी करून नीट एकजीव केली आणि थेंब मोजून लावले. मग फरंगीस खानमच्या गटातली तूबा आली. मश रजब म्हणून एक डोंगराकडच्या गावचा बागवान, त्याची ही मुलगी. अबोल आणि सरळ. तिनं इंजेक्शन भरलं, रबराच्या हाताची शीर शोधली आणि सगळंच्या सगळं थेट आत सोडलं.

रबराचा माणूस काही बोलला नाही. अर्जमंद बोलले.

“मेला हा! कळतंय का तुला? आत्ता, तुझ्या हातानं मेला!”

तूबानं रिकामी सिरिंज पलंगाच्या कडेला ठेवली.

“उस्तादांनी शिकवलं नव्हतं हे?”

“मी यावर अर्धा तास बोललेय,” फरंगीस खानम म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. “अर्धा तास! विचारा तिला.”

तूबानं एकदाच वर पाहिलं. “उस्तादांनी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “माझंच लक्ष नव्हतं.”

तिच्या मागून त्या गटातल्या आणखी तिघांनी तेच केलं. बाकीच्यांनी बरोबर केलं. त्यांनी शीदाच्या क्लिपा मैत्रिणींच्या फोनवर चोरून पाहिल्या होत्या, हे नंतर कळलं. मन मारून अट पाळणारे तेवढे बुडाले. अर्जमंदांनी त्या तिघांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं, पण तूबानं आपल्या तोंडानं लक्ष नसल्याचं कबूल केलं होतं. तिला त्यांनी पुढची पूर्ण टर्म वॉर्डात पाय ठेवायला मनाई केली. फरंगीस खानम तिथेच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, बरं झालं, अशा मुलीला शिक्षा हवीच.

अर्जमंदांच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या गटासाठी पोटॅशियमचा तास परत घेतला. त्या दिवशी क्रोशाचा रुमाल धुण्यात गेला होता आणि माइक उघडाच होता. सवयीनं त्यांची बोटं रुमालाच्या जागी फिरली, त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि बोलायला सुरुवात केली. राग होता, म्हणून त्या आणखीच छान बोलल्या. शेवटचं वाक्य नेहमीसारखं खालच्या आवाजात टाकून त्यांनी चहाकडे हात नेला, आणि तेव्हा त्यांची नजर माइकवर गेली.

बैठकीवर एक गोल बटण होतं, बोट लागलं तरी चालू-बंद होणारं. त्याच्या शेजारी हिरवा दिवा. तो दिवा आहे हेच त्या विसरल्या होत्या, कारण वर्षभर तो रुमालाखाली होता. दिवा विझलेला होता.

“ऐकू आलं का तुम्हाला?” त्यांनी घाबरून विचारलं.

माइक बंदच होता. मुलांना दिसलं ते एवढंच, की उस्तादांचे ओठ हलायचे थांबले. तास संपला असं समजून पहिला गुलाब आला. मग दुसरा, मग धडाधड. ‘उस्ताद, फार सुंदर समजावलंत.’ ‘आता सगळं स्पष्ट झालं, उस्ताद.’ ‘उस्ताद, थकू नका.’

फरंगीस खानमनी बटण दाबलं. दिवा लागला. “आज माझं बोलणं ऐकू आलं का सगळ्यांना?”

‘हो उस्ताद, अगदी स्वच्छ,’ कोणीतरी लिहिलं.

‘नेहमीसारखंच,’ दुसऱ्या कोणीतरी लिहिलं.

फरंगीस खानमनी तो शब्द पुन्हा वाचला. नेहमीसारखंच. म्हणजे पोटॅशियमच्या त्या पहिल्या तासालाही बोटांनी हेच केलं होतं, आणि आणखी किती दिवस कोण जाणे. इतके दिवस त्यांना मिळालेल्या टाळ्या मुक्या तोंडाच्या होत्या. रिकाम्या खोलीत लाली लावून बसलेली एक बाई हवेत हात हलवत होती आणि पोरं तिला फुलं घालत होती. त्यांनी गुलाब मोजायला नाही, शोधायला सुरुवात केली: कोणी पाठवला नाही? एकच नाव होतं फुलाशिवाय. तूबा.

आणि मग पहिल्या तासाला मधे तोंड घालणारी ती मुलगी कोण होती हेही आठवलं. ‘उस्ताद, माफ करा, आवाज येत नाही,’ असं तूबानं लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी रागानं रुमालाची कड ओढली होती. दिवा तेव्हाच लागला असणार, कारण त्यापुढचं बोलणं मात्र सर्वांना नीट ऐकू गेलं. “माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, मुली. तुझ्या गावात पोचत नसेल तर बाबाला सांग, दोन मेंढ्या विक आणि पोरीला माणसासारखा फोन घेऊन दे.” वर्ग हसला होता. हसण्याची चित्रं आली होती, गुलाबांसारखीच, एकाखाली एक.

फरंगीस खानमनी लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी झाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या अर्जमंदांकडे गेल्या आणि, खाली बघून का होईना, खरं ते सांगितलं. अर्जमंदांनी आधी दार लावलं, मग चहा मागवला.

“हात्तिच्या! यात आपला काय दोष, खानम ताबंदे?” ते म्हणाले. “सगळ्या प्रांताचं इंटरनेट रडतंय. आपण असं लिहू की लाइन खराब होती, तुलना रद्द. शीदाला मी समजावतो. आपलं नाव कुठे येणार नाही.”

“आणि ती मुलगी?”

“तिची मनाई उठवायची तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर...” त्यांनी साखरेचा खडा त्यांच्यापुढे सरकवला. “लहान आहे हो. एक टर्म मागे राहील. काय बिघडतं?”

फरंगीस खानमनी खडा दातांत धरला, चहा प्यायला आणि म्हणाल्या, “जशी आपली मर्जी.”

हे बोलताना आपल्याला हायसं वाटलं, ही गोष्ट पुढे त्यांना सर्वांत जास्त टोचली.

बाहेर बाकावर तूबा बसली होती आणि तिच्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन मश रजब. फरंगीस खानमना पाहून बाप-लेक दोघंही उठली.

“उस्ताद, थकू नका,” मश रजब म्हणाला. त्यानं एक कापडी पिशवी पुढे केली. “बागेतलं झरश्क आहे. आपल्या लायक नाही, पण नाही म्हणू नका. पोरीनं आपल्याला खाली पाहायला लावलं. आपण एवढा घसा फोडून शिकवायचं आणि हिचं लक्ष भलतीकडे! मी घरी चांगलं सुनावलंय तिला.”

“असू द्या, मश रजब...”

“यंदा आमच्या आरोग्य केंद्रात नर्सची जागा भरतायत. वाटलं होतं, पास झाली तर गावातच राहील पोर. आता जाईल दुसऱ्या कोणाला. तिचं नशीब. आपण फक्त मनात राग ठेवू नका.”

फरंगीस खानमनी पिशवी घेतली. न घेणं म्हणजे अपमान, आणि घेणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. तूबा जमिनीकडे पाहात होती.

पिशवी घरी ओट्यावर राहिली. झरश्क ताजं होतं, लालभडक; भातावर पेरतात ती बारकी आंबट फळं. दोन दिवस त्यांनी त्याच्याकडे पाठ करून भात शिजवला आणि तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पिशवी तशीच उचलली, टॅक्सी केली आणि डोंगराकडच्या त्या गावी गेल्या.

मश रजबनं त्यांना पाहिलं आणि त्याची जी धांदल उडाली! “उस्ताद! आपलं पाऊल आमच्या डोळ्यांवर! तूबा, समोवार पेटव! गादी आण, ती नको, नवी!” त्यांना खोलीतल्या सगळ्यांत वरच्या जागी बसवलं. पुढ्यात डाळिंबं आली, अक्रोड आले.

“मश रजब, मी माफी मागायला आलेय,” फरंगीस खानम म्हणाल्या.

“तोबा तोबा! काय बोलता! माफी आम्ही मागायची.”

“माझा माइक बंद होता. तुमच्या मुलीला काही ऐकूच आलं नाही.”

“आपला मोठेपणा आहे, उस्ताद. पोरीवर पांघरूण घालायला एवढ्या लांब आलात.” त्याचे डोळे भरून आले. “पण मला ठाऊक आहे, दोष हिचाच.”

“नाही हो! मी खरं सांगतेय!”

“आपण खरंच बोलणार. पण दोष हिचाच.”

अदबीच्या त्या भिंतीवर डोकं आपटून त्या दमल्या. त्या जितकं खरं सांगत तितका तो माणूस वाकत होता आणि त्या जितक्या लाजत तितका त्यांचा मोठेपणा वाढत होता. असल्या अदबीवरच आजवर आपण पोसलो, हे त्यांना तेव्हा दिसलं आणि किळस आली, त्याची नव्हे, स्वतःची.

“तूबा,” मश रजब दरडावून म्हणाला, “तोंड उघड. उस्तादांना सांग, चूक माझी होती.”

तूबा चहाचं तबक घेऊन उभी होती. तिनं तबक खाली ठेवलं.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “आवाज येत नव्हता.”

“तूबा!”

“पहिल्या दिवशी आला नाही, पोटॅशियमच्या दिवशी आला नाही, तो तास परत घेतला तेव्हाही आला नाही.” तिचा आवाज फाटत होता पण ती थांबली नाही. “मी शीदा उस्तादांकडे क्लिप मागायला गेले होते. त्या म्हणाल्या, नियम आहे. बाकीच्यांनी चोरून पाहिल्या. मी नाही पाहिल्या.”

“मला का नाही विचारलंस, मुली?” फरंगीस खानम म्हणाल्या, आणि म्हणताक्षणी त्यांना वाटलं, हे विचारायला आपल्याला जीभ कशी झाली.

तूबानं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “क्लिपमध्ये कळलं नाही तर मागे जाता येतं, उस्ताद. तिला राग येत नाही. ती बाबांच्या मेंढ्यांबद्दल बोलत नाही.”

मश रजबला काही कळेना. “कुठल्या मेंढ्या?” तो म्हणाला.

फरंगीस खानमचा चेहरा कानांपर्यंत पेटला होता. जमीन दुभंगली असती तर त्या खुशाल आत गेल्या असत्या. ती काही दुभंगली नाही, म्हणून त्यांनी पर्समधून फोन काढला, अर्जमंदांचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं असा करून गालिच्यावर ठेवला.

“सलाम, डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय. मी मश रजबच्या घरी बसलेय, ते आणि तूबा ऐकतायत. कारण लिहायचं आहे ना? लिहून घ्या. इंटरनेट ठीक होतं. माझा माइक बंद होता, माझ्याच बोटानं. या मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी तिच्या वडलांच्या गरिबीवरून सगळ्या वर्गाला तिच्यावर हसवलं. म्हणून पुन्हा कोणी सांगितलं नाही. शीदाच्या सगळ्या क्लिपा हिला आजच मिळतील, मी तिला सांगते. तुम्ही हिची परीक्षा परत घ्या आणि...”

“खानम ताबंदे, खानम ताबंदे,” अर्जमंद मऊ आवाजात म्हणाले. “आपल्यासारख्या थोर व्यक्तीनं जिवाला एवढं लावून घेऊ नये. उद्या निवांत बोलू. बरं का? थकू नका.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फरंगीस खानमना त्या दोन शब्दांचा अर्थ लागला.

“मी थकलेली नाही, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “माझं बोलणं संपलेलं नाही. आवाज येतोय ना?”

तूबा गुडघ्यांवर बसून फोनकडे पाहात होती.

“येतोय,” अर्जमंद म्हणाले.

“मग कागद घ्या,” फरंगीस खानम म्हणाल्या, “आणि पहिल्यापासून लिहा.”